रंगूनचे हाल

हाल म्हणे! हळू बोलते हं, सासूबाई आत चुलीपाशी आहेत... पण कमलबाई, तुम्हाला सांगते, हाल कशाला म्हणतात ते मी रंगूनला जाऊन डोळ्यांनी पाहून आले!

आमचे हे तिथं बंदरावर कारकून. चार वर्षं झाली. यांच्याबरोबर तिथंच नोकरीला असलेल्या, सुट्टीवर येणाऱ्या सुपडूभाऊंकडे दर वेळी एकच निरोप, परदेशात हाल फार, तिला झेपायचं नाही. मग मी काय केलं? भरीत सोडलं! खानदेशातल्या बाईनं भरीत सोडायचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं का? गल्लीभर वांगी भाजताहेत, धूर नाकात जातोय आणि मी ताकभाकर खातेय. का? तर यांचे हाल थांबावेत!

शेवटी राहवेना. न कळवताच दिराला घेऊन निघाले. आगबोटीत ओकून ओकून अर्धी झाले, पण मांडीवरचा बिबड्यांच्या पापडांचा डबा सोडला नाही. पोचते तर काय, हे व्हरांड्यात लांब खुर्चीत, पाय वर, रेशमी लुंगी नेसून! शेजारी सुपडूभाऊ पत्ते पिसताहेत. दुपारी झोप, संध्याकाळी तळ्याकाठी फिरणं... हाल बाई, हाल!

आणि स्वयंपाक्यानं पानात काय वाढलं? भरीत! हे म्हणतात कसे, अगं, इथं वांगी बारमाही मिळतात. तिथंच रडले मी. म्हटलं, "चार वर्षं मी भरीत तोंडात घातलं नाही." तर मान खाली घालून म्हणाले, "आराम आहे म्हटलं असतं, तर आईनं बठ्ठं घर, झाडून सगळ्यांना, पाठवलं असतं." अहो, त्या बठ्ठ्या घरात मीही आले का?

असा राग आला... पण राहिले, दीरही तिथंच रमला. त्या खुर्चीत बसले. जन्मात पहिल्यांदा मला कुणी बसल्या जागी चहा आणून दिला हो.

परवा नणंदेच्या लग्नाला आले, ते यांचं पितळ उघडं पाडायचं ठरवूनच. उंबऱ्यातच सासूबाईंनी विचारलं, "मना पोऱ्या कसा शे वं?" तोंड उघडलं, तर त्यांच्यामागे जावा, पुतणे, सगळे रंगूनला निघाल्यासारखे कान टवकारून उभे! म्हटलं, "हाल फार आहेत, आत्याबाई. मला एकटीलाच परत जायला हवं."

काल घरात भरीत केलं, तर सासूबाईंनी ताट सरकवलं. पोऱ्याचे हाल सरेपर्यंत त्यांनी भरीत सोडलंय म्हणे.

मग काय करणार... त्यांच्या वाटणीचंही मीच खाल्लं.