चांदीची घंटा

माझा जन्म पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत, म्हशींच्या उबेत, आणि लग्न होऊन आले ती पण म्हशींच्याच घरात, तेव्हा काय सांगू तुम्हाला ताई, ताज्या शेणाचा वास आला नाय तर मला अजून सकाळ झाल्यासारखं वाटत नाय.

आमच्याकडे भात कापून झालं की गुरं मोकळी सोडतात, मागं माणूस जात नाय. सकाळी दावं सोडायचं, मग ती डोंगरात चरणार, उन्हाळ्यात कुठल्या कड्याच्या पोटात पाणी उरलंय ते गाठणार नि दिवेलागणीला आपल्या पायांनी घरी येणार. आमच्या म्हशींत म्होरं चालायची चांदी, कपाळावर पांढरा टिळा, गळ्यात पितळी घंटा, नि त्या आवाजावर बाकीच्यांचे पाय पडायचे. म्हातारी झाली, आटली. माझा लेक महाडला कारखान्यात जातो, तो बोलायचा, आये, भाकड जनावर कशाला पोसतेस. मी बोलायची, दूध नाय देत रे ती, वाट देते.

एकदा मी बाजाराला गेले नि परत येते तर खुंटा रिकामा. लेकानं टेम्पो बोलावून चांदी विकली होती. जनावर विकलं तरी दावं नि घंटा घरात ठेवायची, गोठ्याची लक्ष्मी जाऊ नये म्हणून, तेवढी रीत त्यानं पाळली हां. घंटेच्या पट्ट्यात तिच्या मानेचे केस अडकलेले. रडले नाय मी. जेवले पण नाय.

दुसऱ्या दिवशी म्हशी खिंडीपर्यंत गेल्या नि थांबल्या, एक पण म्होरं पाय टाकीना, मग उतरल्या खाली नि शेजारच्या रखमाच्या वांग्यांत घुसल्या. रखमा अंगणात येऊन ओरडली, ह्या म्हशी हायत का टोळधाड गो? रोज तेच, नि तहानेनं दूध पण कमी झालं. लेक बोलला, आता सगळ्याच काढू, पिशवीचं दूध मिळतं. मी बोलले, पिशवी रेकते काय रे मला दारात बघून?

नि घेतली ती घंटा हातात, चालले म्हशींच्या म्होरं, टण टण वाजवत. रखमा हसली, अगो, तूच म्हस झालीस! मी बोलले, झाले, तू पण ये मागनं, पाणी पाजते. पण खरं सांगू ताई, वाट मला तरी कुठं ठाव, मागं कधी कोण गेलंय? खिंडीपुढं दोन वाटा फुटल्या नि मी तिथंच उभी, करपलेल्या गवताचा वास नाकात, घंटा नुसती वाजतेय. तेवढ्यात पाठीला ओलं नाक लागलं. चांदीचीच पारडी, मैना. तिनं ढुशी देऊन मला बाजूला सारलं नि वळली करवंदीच्या जाळीतनं, न थबकता. आईच्या पोटाला घासत चालताना ती वाट तिच्या अंगात उतरली होती, फक्त म्होरं घंटा नव्हती म्हणून तिचा पाय उठत नव्हता. मी वाजवत राहिले, बाकीच्या आल्या. कड्याखाली शेवाळाचा थंड वास आला नि सगळ्या माना एकदम खाली गेल्या. मी पण त्यांच्या शेजारी ओंजळ भरली. घंटा तिथंच मैनेच्या गळ्यात बांधली.

परवा परत व्यापारी आला, लेकानंच बोलावलेला. मी गोठ्याच्या उंबऱ्यात पाय पसरून बसले, बोलले, दावी सगळी माझ्या मांडीखाली हायत, घेऊन दाखव. गेला. लेक सुखी राहो, त्याची मोटारसायकल त्याला नीट घरी आणो, पण गोठ्यात हात घालायचा नाय. तुम्ही हा चहा घ्या, घट्ट दुधाचा हाय, नि जरा गप बसा. ऐकलंत? खिंडीत वाजली. आल्या माझ्या.