जाड दोर हाती येईपर्यंत

नाव: येर्को बाराशिच. वय ६३ वर्षे. धंदा: हौशी मासेमारांना भाड्याने नेणाऱ्या बोटीवर तांडेल. राहणार येझेरा, मुर्टर बेट.

मी आज ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की, वरील गावी मी पत्नीसह राहतो. बोट माझ्याच नावावर असून परवाना चालू आहे. मयत तिहोमिर विदास, वय ६८, राहणार झाग्रेब, यांना मी अकरा वर्षांपासून ओळखतो. ते दर वसंतात ट्यूना धरायला येत. एकदाही मिळाला नाही. धक्क्यावरचे लोक म्हणत, "आले आमच्या माशांना जेवू घालणारे." ते हसत आणि सगळ्यांना कॉफी पाजत.

काल दिनांक १२ मे रोजी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. सोबत त्यांची मुलगी यास्ना, वय ३४, होती. चौथं कुणी नव्हतं. वारा दक्षिणेचा होता आणि वाढत होता, म्हणून दहा वाजता मी परत फिरू असं सुचवलं. ते म्हणाले, अजून तासभर थांबू, घाई कसली. मी ऐकलं.

११:२० वाजता तारली लावलेल्या गळाला ट्यूना लागला. मी श्री. विदास यांना खुर्चीत बसवून पट्टा बांधला. आमच्यात नियम असा की, मासा लागल्यापासून काठीला किंवा तंगुसाला, म्हणजे गळाच्या बारीक दोरीला, दुसऱ्या कुणाचा हात लागला, तर तो मासा खुर्चीतल्या माणसाचा धरत नाहीत. तंगुसाच्या गळाकडच्या टोकाला जाड दोर असतो. तो तांडेलाच्या हाती आला की मासा धरला असं मानतात, मग सोडून दिला तरी चालतं. वसंतात आम्ही सोडूनच देतो. श्री. विदास बसल्याबसल्या म्हणाले, "कुणी हात लावायचा नाही. येर्को, शब्द दे." मी दिला.

साडेबारापर्यंत ठीक होतं. मग त्यांनी पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत. एक वाजता चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. डावा हात काठीवरून घसरायचा, तो ते उचलून परत ठेवायचे. यास्नाने दोनदा विचारलं, काय होतंय. दोन्ही वेळा त्यांनी तिला गप्प बसवलं.

यास्ना मला बार्बा, म्हणजे काका, म्हणते. १:१० वाजता ती मला म्हणाली, "बार्बा, कापा. पपांना बरं नाहीये." वेळ मी सुकाणूच्या चाकाजवळच्या घड्याळात पाहिली. सुरी माझ्या कमरेला होती. मी श्री. विदास यांना विचारलं. त्यांनी नुसती मान हलवून नको म्हटलं. मी तिला म्हणालो, "पाचच मिनिटं, पोरी. वर येतोय बघ." मासा खरंच वर येत होता. ते डोळे मिटून चरखी फिरवत होते.

ती पुन्हा म्हणाली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१:१९ वाजता जाड दोर माझ्या हाती आला. मासा बोटीला घासून होता, लांबीला माझ्या उंचीहून जास्त. मी ओरडून म्हणालो, "तुमचा झाला, तिहोमिर." मग दोर कापला. वळून पाहिलं तर त्यांची मान खाली गेली होती आणि यास्ना पट्टा सोडत होती.

मी रेडिओवरून कळवलं आणि बोट तिस्नो बंदराकडे पळवली. लाटा समोरून होत्या. सगळी वाट यास्ना त्यांची छाती दाबत होती. २:३५ वाजता धक्क्यावर डॉक्टरांनी तपासून ते गेल्याचं सांगितलं.

विचारल्यावरून सांगतो की, "मी म्हणताच बार्बांनी दोर कापला" असं यास्ना विदास यांनी जबाबात सांगितल्याचं मला हवालदारांनी वाचून दाखवलं. तसं घडलेलं नाही. ती भली पोर आहे, मला सांभाळून घेते आहे. मध्ये नऊ मिनिटं गेली. शब्द दिला होता म्हणून थांबलो, असं मी रात्री बायकोला सांगितलं. तेही पुरतं खरं नाही. तो मासा मलाही हवा होता, त्यांच्यासाठी, आणि धक्क्यावरच्या त्या टवाळांना दाखवायला. मला त्याची लाज वाटते.

"तुमचा झाला" हे पपांनी ऐकलं का, असं यास्नाने मला धक्क्यावर विचारलं. मी हो म्हणालो. मला ते माहीत नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "काही मिनिटं" असं लिहिलं गेलं होतं. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "नऊ मिनिटं" असं केलं आहे. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही) येर्को बाराशिच