चौकात लावलेलं माझं वय

नाव लिहू नका ताई, आदीच सांगते. आन आता जिथं ऱ्हातो त्या गावाचंबी लिहू नका. म्हायेर लिहा, त्येनं कुनाचं काय जात न्हाई. म्हायेर माझं म्हसवडाच्या पल्याड, पान्याचं नाव नसल्यालं गाव. मी जल्मले कवा ह्ये कुनी लिहून ठिवल्यालं न्हाई. आई म्हनायची, मोठा दुष्काळ पडला तवा तू माझ्यासंगं खडी फोडायच्या कामावर यायचीस, पाच-सा वर्साची आसशील, बारक्या हातानं बारकी खडी येचायचीस. त्येवढाच माझा जल्मदाखला. शाळंत घातलं तवा गुरुजींनी डोक्यावरनं हात घालून कान धरायला सांगितला, हात पुरला, आन त्येनी एक जून टाकली. आमच्या वर्गातली समदी पोरं एक जूनचीच. हसू नका, तुमच्या आज्जीला इचारा, तीबी एक जूनचीच निघंल.

लगीन झालं आन ह्यांच्या मागं सांगलीकडं आले. ह्ये म्हंजी माझं मालक, कुपवाडात एका शेडमधी लेथवर होते, लय बारीक हात त्येंचा. सा वर्सांमागं सकाळी चा पिता पिता कप हातातनं पडला, मी वराडले, चांगला कप फोडला म्हनून, आन त्ये बोलायला गेले तर तोंड वाकडं. उजवी बाजू गेली ती गेलीच. मला अजून त्यो कप आठवतो, मी कपासाठी वराडले वो. तवापासनं घर माझ्यावर. पोरगी हाय एक, ती दिली मेढ्याकडं डोंगरात, तिचं तिलाच पुरंना, तिच्यापुढं कुठं हात पसरायचा. मग कुपवाडातच एका शेडमधी चेकिंगला लागले. चेकिंग म्हंजी काय, लोखंडी बुश येत्यात, बांगडीगत पोकळ, त्यात गेज, म्हंजी मापाची कांडी, घालून बघायचं, सुळकन गेलं तर माल चांगला, अडलं तर रिजेक्टच्या पेटीत. मी गेज घालायच्या आदीच बोटानं वळखायची, ह्यो अडनार म्हनून. लागताना कंत्राटदारानं इचारलं, मावशी वय काय, मी म्हनले पन्नास. आसंन तवा बावन्न-त्रेपन्न. त्यानं कागद मागितला न्हाई, मी दिला न्हाई. साठीच्या वरची बाई तिथं कोन घेत न्हाई, विमा उतरत न्हाई म्हनत्यात. म्हनून केसाला मेंदी लावायची, पोरींच्या आदी पोचायची, बसायला स्टूल कवा मागितलं न्हाई.

आता माझी चूक सांगते, लपवत न्हाई. तवा ह्यांना दवाखान्यात न्यायचं म्हंजी आठवड्याला दोन फेऱ्या यष्टीनं. गल्लीतल्या बायका म्हनल्या, आगं आधारकार्डावर पासष्ट लाव की, अर्धं तिकीट पडतंय, आमी समद्यांनी लावलंय. कार्ड दुरुस्त करनाऱ्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, उन्हानं करपल्यालं तोंड, म्हनला शोभतंय, आन टाकलं पासष्ट. एका दुपारी मी बारा वर्सांनी म्हातारी झाले. यष्टीत म्हातारी आन शेडमधी तरनी, आसं चाललं होतं बगा. आन आता सरकारनं समद्याच बायकांना अर्धं तिकीट केलंय, वय कितीबी आसू दे. मग मी वाढवून काय मिळवलं? वाढल्यालं वय तेवढं कार्डावर ऱ्हायलं.

तर नगरपालिकेनं अभियान काढलं. म्हाताऱ्या मानसाला कमी लेखू नका, वय बघून कामावरनं काढू नका, हिडीसफिडीस करू नका, आसलं. गोष्ट चांगली हाय, मी वाईट म्हनत न्हाई. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात शिबिर लावलं, साखर तपासनार, चष्मा फुकट. चष्मा मला पायजेच होता, चेकिंगवालीचं डोळं हेच भांडवल. पालिकेची एक पोरगी टेबलावर बसल्याली, लय गोड बोलायची. आधारची झेरॉक्स घेतली, मोबाईल नंबर घेतला, आन म्हनली मावशी, तुमी काम काय करता? काय सांगू तुमाला ताई, मला जल्मात कुनी आसं कौतुकानं इचारलं नव्हतं. मी समदं सांगितलं, शेडचं नाव सांगितलं, बोटानं वळखते त्येबी सांगितलं. ती म्हनली, एक फोटो काढू का, फाईलला लागतोय. मी पदर सारखा करून हासले. मग तीन पानांवर सह्या. मला पाटी वाचता येती, त्ये बारीक अक्षर न्हाई वाचता येत. सही केली आन चष्मा घेऊन घरी आले. चष्मा चांगला हाय, खोटं कशाला बोलू, ह्योच त्यो.

पंधरा दिवसांनी चौकात बोर्ड लागला. जिथं आमाला कुपवाडला जायाला टेम्पो मिळतो, बरोबर तिथं. माझं तोंड, भिंतीएवढं, हासत्यालं. खरं सांगते, पैल्यांदा बरं वाटलं. मग वाचलं. वर लिव्हलंय, वय बघू नका, काम बघा. आन खाली माझं नाव, वॉर्ड, शेडचं नाव, आन वय एकाहत्तर. वय बघू नका म्हनत्यात आन वय माझ्या डोळ्यापरास मोठ्या अक्षरात. मी पदर तोंडावर वडला आन टेम्पोत चढले. पोरींनी सरकून मला बसायला जागा दिली, त्येनी वाचलं होतं.

तिसऱ्या दिवशी कंत्राटदारानं भाईर बोलावलं. मोबाईलमधी बोर्डाचा फोटो. मावशी, एकाहत्तर? येवढंच म्हनला. मानूस वाईट न्हाई त्यो, माझ्या मालकाला दवाखान्यात नेताना दोनदा गाडी दिल्याली त्यानं. पर म्हनला, शेडचं नाव चौकात लागलंय, उद्या कोन तपासायला आलं तर शेठ मला धरंल, आन तुमाला काय झालं तर माझ्याच गळ्यात. मी म्हनले आरं त्ये खोटं हाय, मी साठीच्या आत हाय. त्यो म्हनला, मग आधारकार्ड खोटं हाय व्हय? व्हय म्हनावं तर गुन्हा, न्हाई म्हनावं तर काम जातंय. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आत जाऊन हातातलं गेज मी टेबलावर ठिवलं आन आले. सा वर्सं ज्या टेबलावर लोकांचा माल रिजेक्ट केला, त्याच टेबलावर मी रिजेक्ट झाले.

पालिकेत किती खेटं घातलं म्हनून सांगू. ती पोरगी मला बघून खाली मान घालायची, म्हनली मावशी, मला खरंच फाईलला म्हनून सांगितलं होतं. तिचा साहेब, त्यो शांतपनी बोलायचा, वरडला न्हाई कवा. माझी सही काढून दावली, ही तुमचीच ना, संमती दिलीय तुमी. मी म्हनले सायेब, संमती मी चष्म्याला दिली. त्यो म्हनला, बोर्ड काढायचा तर अर्ज करा, संगं आधारची झेरॉक्स, फोटो, मोबाईल नंबर जोडा. म्हनले परत? म्हनला, नियम हाय. वय चुकलंय म्हनत असाल तर शाळंचा दाखला आना, न्हाईतर खोटं वय सांगितलं आसं लिहून द्या. म्हायेरच्या शाळंत भाचीला धाडलं, तर त्या सालाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लंय. मग त्यो म्हनला, तुमाला वयावरनं काढलं ना, मग कंत्राटदारावर तक्रार करा की, आमच्या अभियानात तक्रारीची सोय हाय, आमी दखल घेऊ. माझं टाळकंच सरकलं. म्हनले, सायेब, तुमीच वय चौकात टांगलं, आन तुमीच दखल घेनार?

आन बोर्डावरच भागलं न्हाई. शिबिरातल्या समद्या म्हाताऱ्यांची यादी मोबाईलच्या ग्रुपमधी फिरली, नंबरसकट. आता फोन येत्यात, आजी तुमची पेन्शन अडकलीया, मोबाईलवर आल्याला तेवढा आकडा सांगा. कसली पेन्शन आन कसलं काय. ज्येला मला लुटायचंय त्येच्याकडं माझा नंबर हाय, ज्येला काम द्यायचंय त्येच्याकडं न्हाई.

ह्यांना सांगितलं न्हाई मी. दवाखान्याच्या फेऱ्या कवाच थांबल्या, आता त्येना भाईर जाता येत न्हाई, बोर्ड दिसायचा न्हाई. रोज डबा भरून निघते, जशी शेडला चालले. आन चौकात हुबी ऱ्हाते, द्राक्षाच्या बागंला बायका न्यायला गाड्या येत्यात तिथं, त्याच बोर्डाखाली, दुसरीकडं गाड्या थांबतच न्हाईत. काल एक मुकादम आला, बायका मोजल्या, माझ्यापाशी थांबला, वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. लय मायेनं म्हनला, आजी, तुमी सावलीत बसा. गाडी गेली. मी डबा तिथंच बसून खाल्ला, घरी भरल्याला डबा कसा नेनार. ताई, मला लय भ्या वाटतंय. ह्यांच्या गोळ्या ह्या पंधरवड्यापुरत्या हायत, त्येच्या म्होरं मला दिसत न्हाई, चष्मा लावूनबी दिसत न्हाई.

तुमी लिव्हताय त्ये चार लोक वाचतील. तर लिहा, ही बाई अजून सुईत दोरा एका झटक्यात घालती, आठ तास हुबी ऱ्हाती, हिच्या बोटाला वाईट माल कळतो. कुनाला बाई पायजे आसली तर कळवा म्हनावं. पर नाव नका टाकू. नंबर तर मुळीच नका टाकू. फोटो नको, गाव नको, वय तर नकोच नको.

व्हय, मग त्येनी मला हुडकायचं कसं, त्ये मलाबी कळतंय. तुमी शिकल्याल्या हाय, तुमीच कायतरी बघा. तुमचं भलं हू दे. आन जाताना चौकातनं जाऊ नका, मागच्या बोळातनं जावा.