जे बांधकाम नाही त्याची सावली

माझं नाव अंबुजाबाई. जन्म ओरत्तनाडूजवळच्या खेड्यातला. बाप शाळेत शिपाई होता आणि तरी त्याने मला पाचवीपुढे शिकवलं नाही, पाचवी झाली की मुलगी पुरे असं त्याचं मत, आणि ती पाचवीसुद्धा तमिळमधली. मराठी फक्त घरात. मराठी मला बोलता येते, वाचता येत नाही, म्हणजे तुम्ही हे काय लिहून घेताय ते मला कळणार नाही, तेव्हा खरं लिहा. आमची मराठी ऐकून तुम्ही मघापासून गालात हसताय ते मला दिसतंय. हसा. आमचे लोक राजांबरोबर इथं आले आणि राहिले, आता निम्मे शब्द तमिळ झाले, त्याला मी काय करू.

लग्न होऊन तंजावरच्या या गल्लीत आले. हे बसमध्ये कंडक्टर होते, आता घरात बसून असतात आणि कानाने कमी ऐकतात, पण नको ते बरोबर ऐकतात. सासूने मला वडाम शिकवले. वडाम म्हणजे तुमच्याकडे कुरडया करतात ना, तसं, पण तांदळाचं. तांदळाचं पीठ पाण्यात शिजवायचं, त्याला आम्ही कूळ म्हणतो, आणि ते गरम आहे तोवर सोऱ्यात भरून माडीवर धुतलेल्या जुन्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, पाडायचं. माडी म्हणजे आमच्याकडे वरची उघडी गच्ची. त्याबरोबर सांडगी मिरची, म्हणजे ताकात भिजवून वाळवलेली मिरची, इथं तिला मोर मिळगाय म्हणतात. सासू घरापुरतं करायची. मी विकायला लागले. मुलांची शिक्षणं त्यातून झाली, ती दोघं आता दूर नोकरीला आहेत, फोन करतात, वडाम मागतात. मी अजून करते, कारण मला दुसरं काही येत नाही आणि रिकामं बसायला आवडत नाही.

आता यात ऊन किती महत्त्वाचं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कूळ पहाटे शिजवायचं आणि उजाडताच पाडायचं. सकाळचं पहिलं ऊन त्याला लागलंच पाहिजे. ते नाही मिळालं तर वडाम ओले राहतात, आंबतात, वास मारतात, मग दुपारी कितीही ऊन तापो, काही उपयोग नाही. माझ्या माडीला पूर्वेकडून सकाळचं ऊन येत होतं, कुणाला विचारून येत नव्हतं. पूर्वेला वैद्यनाथनचं घर, आमच्याएवढंच उंच. तो बँकेतून निवृत्त झाला. त्याची बायको कमला माझ्याहून लहान, मला अक्का म्हणते, तिची दोन्ही बाळंतपणं मी काढली, म्हणजे नातं कसलं ते तुम्ही समजा.

तर मागच्या वर्षी वैद्यनाथनने माडीवर सोलर घ्यायचं ठरवलं. चांगलं आहे, मी म्हटलं, घे. मी काही अडाणी म्हणून काचेला शिव्या देणारी बाई नव्हे, ऊन फुकट आहे, वीज करा. आमच्याकडे नवं काही घरात आलं की पूजा होते, स्कूटर असो की ग्राइंडर. तशी सोलरची पूजा झाली. कमला मला बोलवायला आली, अक्का, तुम्ही मोठ्या, पहिली हळद तुम्ही लावा. गेले. काचा खाली जमिनीवर आडव्या ठेवल्या होत्या, नव्या कोऱ्या, चकचकीत. मी प्रत्येक काचेला हळदकुंकू लावलं, सूर्यनारायणा, यांना भरभरून दे म्हटलं, सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खाल्लं, तांबूल घेतला आणि घरी आले. काचा जमिनीवर होत्या हो. त्या तिथंच राहतील असं मला वाटलं. कुणाला वाटणार नाही?

मग लोखंडी पाय आले.

काय सांगू तुम्हाला, उंच उंच पाय, माणूस खालून ताठ चालत जाईल एवढे, आणि त्यावर काचांचं छप्पर, माझ्या भिंतीला अगदी लागून. खाली त्यांनी खुर्च्या टाकल्या, कपडे वाळत घालायची दोरी बांधली, संध्याकाळी तिथं बसून कॉफी पितात. आणि सकाळी त्या छपराची सावली माझ्या अस्क्या, म्हणजे सगळ्या, माडीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ऊन येतं तेव्हा सूर्य वर चढलेला असतो. पहिला घाणा आंबला, गाईला घातला. दुसराही गेला. गाय माझ्याकडे बघते, मी गाईकडे बघते.

मी कमलाला सांगितलं, कमला, तुझ्या काचांनी माझं ऊन अडवलं. ती बिचारी घाबरली, म्हणाली, पण अक्का, तुम्हीच तर पहिली हळद लावलीत. मी म्हटलं, हळद काचेला लावली, पायांना नाही लावली. वैद्यनाथन आतून बोलला, मामी, सगळं नियमाप्रमाणे आहे. हे मला म्हणाले, आता बोल. यांना तेवढं बरोबर ऐकू आलं.

मी नियम बघायला ऑफिसात गेले. तिथं एक साहेब, वयाने माझ्या धाकट्याएवढा, शांतपणे बोलला, ते मान्य करायला हवं. तो म्हणाला, अम्मा, ठरावीक उंचीपर्यंत सोलरच्या चौकटीला आम्ही बांधकाम धरत नाही, म्हणून त्याला वेगळी परवानगी लागत नाही. मी म्हटलं, बरं. तो म्हणाला, आणि जे बांधकामच नाही, त्याच्याविरुद्ध तक्रार कशी घ्यायची? मी म्हटलं, चार खांब आहेत, वर छप्पर आहे, खाली माणसं बसून कॉफी पितात, आणि ते बांधकाम नाही? तो म्हणाला, नियमात नाही. मी म्हटलं, आणि त्याची सावली? ती तर आहे? तो म्हणाला, सावलीचं कलम नाही अम्मा, लोकांनी सोलर घ्यावं म्हणून नियम सोपा ठेवला आहे. मी म्हटलं, कुणाला सोपा? माझ्या शेजाऱ्याला सोपा. तो हसला. मग म्हणाला, मोठ्या देवळाला अगदी लागून घर असतं तर वेगळं झालं असतं, तिथं वेगळी परवानगी लागते, देवळाचं दर्शन झाकू नये म्हणून. ऐका हो! देवळाचं दर्शन झाकू नये याला कायदा आहे, जिवंत बाईची माडी झाकू नये याला नाही. आणि उठताना मलाच विचारतो, तुम्ही घरात धंदा करता, त्याचं लायसन्स आहे का? मी छत्री उचलली आणि आले. भांडायला गेले आणि मीच चोर झाले.

त्या मोसमात मी निम्मेही वडाम केले नाहीत. रोजची गिऱ्हाइकं विचारायची, मी सांगायची सावली आहे, त्यांना वाटायचं म्हातारी भ्रमिष्ट झाली.

आणि मग, खरी गंमत पुढे आहे. पावसाळा संपल्यावर वैद्यनाथन स्वतः आमच्या तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, येऊन बसला. हातात केळी. मी तेव्हाच ओळखलं काहीतरी मागायला आला. म्हणाला, मामी, सोलरचा माणूस तपासून गेला, दुपारनंतर तुमच्या मागच्या नारळाची सावली काचांवर पडते, एका काचेवर सावली पडली की त्या ओळीतल्या बाकीच्या काचांचीही वीज कमी होते, तर तेवढं झाड... मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. मी म्हटलं, वैद्यनाथा, माझ्या नारळाची सावली तुझ्या काचेवर पडली तर नुकसान, आणि तुझ्या काचेची सावली माझ्या वडामावर पडली तर नियम? मी विचारलं, झाड तोडायचा नियम आहे का? तो म्हणाला, नाही, म्हणून तर विनंती करायला आलो. मी म्हटलं, नियम असता तर केळी आणली नसतीस. हे आतून म्हणाले, केळी ठेवून जा म्हणावं.

रागावले मी. गल्लीत ऐकू जाईल एवढं बोलले. ते झाड यांनी लावलेलं वगैरे मला काही माया नाही, झाड म्हणजे झाड, पण नारळ घरचा होता, चटणीला, केसाला, देवाला, बाजारात जावं लागत नव्हतं. आणि नारळाच्या फांद्या छाटता येत नाहीत, शेंडा कापला की झाड मेलं. तेवढं-बिवढं काही नसतं त्यात. अस्कं द्यावं लागतं.

कमला दुसऱ्या दिवशी एकटी आली. स्वयंपाकघरात माझ्यापाशी बसली आणि म्हणाली, अक्का, मला त्या खुर्च्या नकोत, कॉफी मी खाली पण पिते, तुमच्या भिंतीकडची ओळ कठड्याएवढी खाली करायला मी यांना लावते, पण ते म्हणतात आधी झाड. मी म्हटलं, आधी पाय. ती म्हणाली, आधी झाड. मी म्हटलं, त्याला सांग, बँकेत होतास ना, एका हाताने घेतात आणि दुसऱ्या हाताने देतात, दोन्ही एकाच दिवशी होऊ दे. झालं तसंच. एका सकाळी लोखंड कापणारा त्यांच्या माडीवर चढला आणि माडतोड्या आमच्या झाडावर. दोघं वरून एकमेकांकडे बघत काम करत होते, की हा थांबला तर मी थांबतो. वैद्यनाथन खाली उभा, मी खाली उभी. कुणी कुणाला सोडलं नाही. दुपारपर्यंत पाय कापले गेले आणि झाड पडलं. कमला रडली. मी नाही रडले, मी शेवटचे नारळ मोजून घरात घेतले.

ऊन आलं. दुसऱ्या दिवशीच वडाम पाडले, छान झाले, पांढरे, हलके. वैद्यनाथनची वीज पण वाढली म्हणे. सगळे म्हणतात, बघा, शेजारधर्माने मिटलं, किती छान. मला त्याचाच राग येतो. काय छान? ऊन माझं होतं. मी सासूच्या काळापासून ते वापरत होते. माझंच ऊन मला झाड देऊन परत घ्यावं लागलं, आणि ऑफिसातला तो नियम जिथं होता तिथंच आहे, त्याला ओरखडासुद्धा नाही.

तुम्ही विचाराल, आता काय तक्रार. सांगते. दक्षिणेकडच्या घरात नवीन लोक आलेत, नवरा-बायको दोघं कंप्युटरवाले, चांगले आहेत, मला पाट्टी, म्हणजे आजी, म्हणतात. परवा त्यांच्या दारात लोखंडी पाइप उतरले. तई महिन्यापासून, म्हणजे संक्रांतीपासून, माझं काम सुरू होतं आणि त्या महिन्यात सूर्य दक्षिणेकडूनच चालतो. मी त्या पोराला विचारलं, किती उंच करणार? तो म्हणाला, पाट्टी, काळजी करू नका, सगळं नियमात आहे. मी म्हटलं, असणारच, बाळा. दुसरं काय म्हणू? मागच्या अंगणात आता एक कढीपत्ता उरलाय, त्याची सावली कुणाच्या काचेपर्यंत पोहोचत नाही. द्यायला काही नाही माझ्याकडे.

लिहिलंत ना? बरं. देव तुमचं चांगलं करो, ज्याने तो नियम लिहिला त्याचंही करो, फक्त त्याला एकदा माझ्या माडीवर ये म्हणावं, सकाळी, कूळ गरम असताना. तुम्ही बसा, कॉफी प्या. मी वर जाऊन वडाम उलटून येते, अजून ऊन आहे तोवर.