गीझरमधलं पाणी

थोरल्या नातीला पहिला दात आला, त्या हिवाळ्यात मी गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. माझ्यापुढे एका बाईंची कॅम्पर गाडी होती, आत राहायची-अंघोळीची सोय असलेली. मेकॅनिक त्यांच्या ओळखीचा दिसला.

"काकू, गीझर रिकामा करायलाच हवा. पाणी गोठलं की टाकी फुटते."

"पाणी राहू दे. ब्रेक बघ."

"म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! काका असते तर त्यांनी मला शिव्या घालत कधीच टाकीचं बूच उघडलं असतं."

"ते पाणी ह्यांनीच भरलंय. तळ्यावरून, बादलीने. म्हणाले, तुझ्या अंघोळीला पुरेल."

"मग केलीत?"

"कंटाळा केला. म्हटलं, उद्या."

"काकू, टाकी फुटली तर तेही वाहून जाणार."

"कळतं रे. आधी तापव."

"तापवू? मग गार होईपर्यंत बूच काढता येणार नाही. हात भाजतो."

"थांब की जरा. मी आत अंघोळ करून घेते. उरेल ते तू सोड."

"टॉवेल देऊ का?"

"ह्यांचा आहे आत."

गाडीचं दार लागलं. मेकॅनिकने शटर अर्धं खाली ओढलं आणि माझ्याशेजारी येऊन बसला.

त्याच्याकडून कळलं, बाईंचे यजमान त्या हिवाळ्याआधीच्याच ऑक्टोबरात, पाणी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी, तळ्याकाठी वारले होते.