चढावरची टकटक

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि या तंत्रशाळेचे सन्माननीय प्राचार्य, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, संस्थेचे कार्यवाह, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे इंजिन विभागाच्या बाई, ज्या तुमच्या बाई असल्या तरी माझ्या थोरल्या नणंद आहेत आणि ज्यांना मी लग्न झाल्यापासून वन्सं म्हणते, वर्कशॉपमधली सगळी मंडळी, आजी-माजी विद्यार्थी, आणि भाषण लांबलं तर निसटता यावं म्हणून दाराजवळची खुर्ची धरून बसलेले माझे यजमान, सर्वांना नमस्कार.

माझी सगळी नोकरी ग्रंथालयात झाली. जिने जन्मभर लोकांना 'शू, हळू बोला' असं दटावलं, तिच्याच हातात आज तुम्ही माइक दिलात. करावं तसं भरावं म्हणतात, ते हेच असावं.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी वन्संची शिस्त सांगितली, निष्ठा सांगितली. एकाने त्यांना मातृतुल्य म्हटलं. मी त्यांच्याबरोबर एका घरात राहते, त्यामुळे त्या शब्दाला मला जरा ठसका लागला. तो माइकपर्यंत पोचला असेल तर वक्त्यांनी राग मानू नये. गुणगौरव करण्याचा माझा अधिकार नाही आणि खरं सांगायचं तर तसा स्वभावही नाही. मी फक्त आमच्या गाडीबद्दल बोलणार आहे. वन्संबद्दल जे काही यायचं ते त्यातून येईल.

आमची गाडी इटालियन आहे. माझ्या सासऱ्यांनी घेतलेली. मी लग्न होऊन आले तेव्हाही ती जुनीच होती. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मला पोर्चमध्ये नेलं आणि म्हणाल्या, "ही आमची पहिली सून. इटलीची आहे. हिला फार जपावं लागतं. तुझं काय ते बघू." तेव्हापासून मी धाकटी जाऊ असल्यासारखी त्या गाडीच्या मागे आहे. तिचा रंग एके काळी साईसारखा होता. आता त्याला रंग म्हणावं की वय, हे सांगता येत नाही.

या गाडीत कॉम्प्युटर नाही. ठिणगी कधी पडायची हे डिस्ट्रिब्युटर नावाची एक वाटीएवढी वस्तू ठरवते. विद्यार्थ्यांना हे पाठ आहे, पण पाहुण्यांमध्ये माझ्यासारखेही कुणी असतील, म्हणून सांगते. ती वाटी कणभर इकडे फिरवली की ठिणगी उशिरा पडते आणि गाडी रेंगाळते. कणभर तिकडे फिरवली की लवकर पडते आणि गाडी आधी खूश होते, तरतरीत पळते. पण चढाला लागली की आतून टकटक करायला लागते. त्या टकटकीकडे कानाडोळा केला तर एक दिवस पिस्टनला भोक पडतं. काही चुकलं असेल तर हसा, पण बाईंकडे बघून हसा, म्हणजे जबाबदारी कुणाची ते कळेल.

दर रविवारी सकाळी चहा झाला की वन्सं बॉनेट उघडायच्या. वाटीच्या आत ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट बारीक कागदाने घासायच्या, त्यांच्यात पातळ पट्टी घालून फट तपासायच्या, वाटीचं झाकण आतून कोरडं पुसायच्या. मी आत चावीपाशी. बाहेरून हुकूम यायचा, "मार!" मी चावी मारायची. मग "थांब!" की थांबायचं. माझ्या यजमानांनी संसारात कधी मला असा एकशब्दी हुकूम सोडला नाही. सोडून बघावा. नंतर वन्सं तारेला छोटा दिवा जोडून ठिणगीची वेळ लावायच्या. पण जुनं इंजिन आणि आजचं पेट्रोल यांचं गणित दिव्यावर पुरतं बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शेवटी आम्ही दोघी पाण्याच्या टाकीच्या चढावर जायचो. वन्सं गाडी चालवत कान देऊन ऐकायच्या, वर थांबून वाटी कणभर फिरवायच्या, पुन्हा खाली येऊन पुन्हा चढायच्या. मोकळा आवाज आला की घरी.

इथे त्यांची परीक्षा कशी असायची, हे मी तुम्हाला काय सांगणार? तुमच्यातले निम्मे त्या परीक्षेत घामाघूम झालेले आहेत. विद्यार्थ्याने इंजिन लावायचं. बाईंनी यायचं, वाटी फिरवून सगळं बिघडवून टाकायचं आणि म्हणायचं, "पुन्हा." विद्यार्थी दुसऱ्यांदा त्याच जागी आला तर पास. त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. एकदा जमलं ते नशीब, दुसऱ्यांदा तिथंच आलं ते काम. पास झालेल्याला शाबासकी मिळायची का? छे! बाई दोन्ही हातांनी बॉनेट बंद करायच्या आणि पुढच्या इंजिनाकडे जायच्या. ज्यांचं बॉनेट उघडंच राहिलं तेही आज प्रेमाने आलेत. त्यांच्या मोठ्या मनाला दाद द्यायला हवी.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मी वन्संची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "सांग खुशाल. मला कुठे ऐकू येणार आहे?"

गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही टाकीच्या चढावर होतो आणि मला टकटक ऐकू आली. अगदी बारीक, कुणी तरी नखाने कपाटाच्या काचेवर वाजवावं तशी. ग्रंथालयात असल्या आवाजावर मी मान वर करत असे, इथेही केली. वन्सं मजेत चालवत होत्या. "बघ, कशी मोकळी पळतेय!" म्हणाल्या. मी म्हटलं, हो. घरी आल्यावर त्यांनी बॉनेट लावलं. तेव्हा मला काही काही आठवायला लागलं. कुकरच्या शिट्ट्या त्या मोजायच्या, अलीकडे मला विचारायला लागल्या होत्या. मोबाइल पिशवीत किणकिणत असायचा आणि त्या शेजारी निवांत पेपर वाचत असायच्या.

सांगायचं कसं? ज्या कानाच्या भरवशावर इथून पोरं पास होऊन बाहेर पडली, तो कान गेला, हे ग्रंथालयातल्या बाईने सांगायचं? माझी जीभ रेटेना. आणि न सांगावं तर इंजिनाचा घात. म्हणून मी तिसरंच केलं. सोमवारी वन्सं शाळेत गेल्या की मी पाना घेऊन पोर्चमध्ये जायची. वाटीचा नट सैल करायचा, वाटी कणभर मागे घ्यायची, टाकीच्या चढावर जाऊन ऐकायचं. टकटक बंद झाली की नट आवळून घरी. पलीकडे भाजीवाला बसतो, म्हणून निमित्त भाजीचं. त्या काळात आमच्याकडे इतकी भाजी यायची की यजमानांनी विचारलं, "पाहुणे येणार आहेत का?" दर रविवारी वन्सं लावायच्या, दर सोमवारी मी मागे घ्यायची. काम सुरळीत चाललं होतं.

पुढे वन्सं आपल्या आपणच कान तपासून आल्या. कानाचं यंत्र मिळालं. पण यंत्र लावलं की माणसं जवळ येतात आणि इंजिनाचं भांड्यांचं दुकान होतं, असं त्या म्हणतात. मुदत बाकी असताना त्यांनी राजीनामा दिला. तुमच्या आमंत्रणपत्रिकेत 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं छापलंय, ते हे कारण. मला म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही आणि मी पोरांना पास करायचं? त्यांची इंजिनं पुढे लोकांची असणार."

त्याच आठवड्यात जेवताना त्यांनी सांगितलं की गाडी देऊन टाकली. एका हॉटेलला. तिथल्या दिवाणखान्यात झुंबराखाली ठेवणार, रोज पुसणार, दोरी लावणार. "तिथे तिला चावी कुणी मारणार नाही, तेव्हा बिघडायचा प्रश्न नाही," म्हणाल्या. यजमान म्हणाले, "चला, पोर्च मोकळा झाला." ते आता दाराकडे बघताहेत, बघू देत. मी ताट अर्धं टाकून उठले. मला त्या गाडीचं एवढं का लागावं, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. रविवारी सकाळी आत बसून बाहेरच्या हुकुमाची वाट बघणं, यापलीकडे वन्संची आणि माझी वेगळी अशी काही ओळखच नव्हती. गाडी गेली असती तर आम्ही एका घरातल्या दोन बायका उरलो असतो.

हॉटेलवाले न्यायला येणार त्याच्या आधीचा रविवार. वन्संनी सगळं नेहमीसारखं केलं. चढावर टकटक होतीच. सोमवारी त्या घरीच होत्या, पण आंघोळीला गेल्यात असं समजून मी पोर्चमध्ये गेले. जायची तर जाईल, पण नीट लावलेली जावी, एवढंच मनात. नट सैल केला, वाटी मागे घेतली, हात सवयीने थांबला तिथे थांबले. आणि मला वाटीवर एक लाल रेघ दिसली. केसाएवढी. अर्धी वाटीवर, अर्धी खालच्या लोखंडावर, आणि माझा हात थांबला होता तिथे दोन्ही अर्ध्या तंतोतंत जुळल्या होत्या. तो रंग मी ओळखला. माझ्या टेबलावरच्या नखांच्या रंगाच्या बाटलीतला होता. वन्संनी आयुष्यात नखं रंगवलेली नाहीत.

मागून आवाज आला, "पुन्हा."

मी वळले. "वन्सं, मी तुम्हाला सांगणारच..."

"बोलू नकोस, मला ऐकू येत नाही. कर."

त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घालून वाटी पार बिघडवली आणि रेघेवर काळी पट्टी चिकटवली. मग मला स्टिअरिंगपाशी बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. पहिल्यांदाच. टाकीचा चढ मी चढले, उतरले, वर थांबून वाटी हलवली, पुन्हा चढले. वन्सं समोर बघत होत्या. त्या काहीच सुचवत नव्हत्या, सुचवू शकतही नव्हत्या. टकटक गेली असं माझ्या कानाला वाटलं तेव्हा मी घरी आले. वन्संनी बॉनेट उघडून पट्टी सोलली. रेघ जुळलेली होती.

मी विचारलं, कधीपासून माहीत होतं? हे मात्र मला ओरडून विचारावं लागलं, म्हणजे शेजारीही आता साक्षीदार आहेत. म्हणाल्या, "पहिल्याच आठवड्यापासून. नटावर तुझ्या पान्याचे ओरखडे होते."

"मग दर रविवारी चुकीचं का लावत होतात?"

"आधी खरंच चुकत होतं. मग तुझ्या जागेवर रेघ मारली, म्हटलं बघू, ही पुन्हा कुठे थांबते. तू दर वेळी तिथंच थांबलीस."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी बॉनेट बंद केलं.

सभाजनहो, त्याचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको. मी रडले. ग्रंथालयात ती सोय नव्हती, म्हणून पोर्चमध्ये रडून घेतलं. वन्सं म्हणाल्या, "हॉटेलवाल्यांना फोन लाव, मला फोनवर कळत नाही. सांग, गाडी देत नाही. घरात कान आहे."

तेव्हा आता आमच्याकडे अदलाबदल झाली आहे. बॉनेटपाशी मी असते, चावीपाशी वन्सं. त्यांना ऐकू येत नाही म्हणून हुकूम हाताने द्यायचे असतात. मूठ दाखवली की मार, तळहात दाखवला की थांब. माझे हुकूम त्या तत्काळ पाळतात असं मी म्हणणार नाही. गाडी बाहेर फाटकाशी उभी आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी जरूर बघावी, पण वाटीला हात लावू नये.

मला बोलायची संधी दिलीत याबद्दल अध्यक्षांची, संस्थेची आणि इतका वेळ गप्प बसल्याबद्दल तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे. अशी शांतता मला नोकरीत कधी मिळाली नाही. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, एखादा तांत्रिक शब्द वाकडा पडला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला आणि कृपा करून 'पुन्हा' म्हणू नका. आणखी दोन शब्द बोलणार होते, पण वन्सं मघापासून खुर्चीतून मला तळहात दाखवताहेत.

थांबते.