भंगार कोणाला म्हणता?

...आणि वर मलाच विचारतात, ‘सार, हे भंगार कधी उचलणार?’ भंगार! अहो, तुम्हाला सांगतो, असं चालू मशीन अख्ख्या चेन्नईत दुसरं दाखवा! कपाटाएवढा लाकडी खोका, आत जुनी पिक्चर ट्यूब, बाहेर दांडा, बटणं, रुपया टाकायची फट... विमानांच्या लढाईचा व्हिडिओ गेम! तिरुवल्लिकेणीतलं पार्लर बंद पडलं, तेव्हा मालक त्याचं खुराडं करायला निघाला होता. कोंबड्यांचं! मी मध्ये पडलो, टेम्पो केला, शोळिंगनल्लूरला घरी आणलं... तर लिफ्टमध्ये मावेना. मग? गाडी काढली रस्त्यावर आणि मशीन ठेवलं पार्किंगमध्ये. माझी जागा, माझं मशीन. हलणार नाही म्हणजे नाही!

बायको, अदिती, म्हणते, ‘गाडीवर कावळे घाण करतायत आणि हा खोका सावलीत!’ अगं, गाड्या रोज बनतायत, हे कोण बनवतंय आता? आणि जपणं म्हणजे काय खायचं काम आहे? ही समुद्राची हवा! आठवड्यातून एकदा तरी चालू केलं नाही की ओल धरते, आणि ट्यूब गेली की संपलं, कुठे मिळत नाही ती. म्हणून मी दर रविवारी खाली बसून खेळायचो. खेळायचो म्हणजे... जपायचो हो!

तर आमचे सोसायटीचे सेक्रेटरी, रामस्वामी मामा. ‘सार, इदु एन्न सार, हे काय? उद्या आयुधपूजा, पार्किंग क्लीन पाहिजे! सकाळी भंगारवाला येतोय. एडुत्तुडुंगो!’ उचला म्हणे! मी म्हटलं, मामा, हलणार नाही. ‘असोसिएशनचा ठराव आहे, सार!’

आता आली का पंचाईत? आणि एकदम डोक्यात आलं... आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमीच की! सांगलीला बाबा त्या दिवशी पान्हे, करवत, आईचा अडकित्तासुद्धा पुजायचे, आणि पुजलेल्या वस्तूला कोणी हात लावायची टाप नव्हती. बस्स! सकाळी उठलो, मशीनला गंध, कुंकू, झेंडूची माळ... इथे लिंबू गाडीच्या चाकाखाली ठेवतात, याला चाकच नाही, ठेवलं दांड्याशी!

भंगारवाला आला. त्याच्याच टेम्पोला केळीचे खांब बांधलेले! त्यानं माळ पाहिली, चपला काढल्या. ‘पूजै पोट्टाच्चु सार, पूजा झाली, मी नाही हात लावणार!’ मामांनी ओरडायला तोंड उघडलं... आणि सवयीनं, देवापुढे मारतात तशा, स्वतःच गालांवर थापट्या मारून मोकळे! हललं का मशीन? नाही हललं!

मला वाटलं, एका दिवसाचा प्रश्न, रविवारी खेळू. पण दुसऱ्याच दिवशी मामांच्या जावयाला नोकरी लागली आणि झालं, मशीनचा देव झाला! ‘स्वामीचा दांडा हलवायचा, सार? अपचारम! पाप लागेल!’ मी म्हटलं, मामा, चालू नाही केलं तर मरेल हो ते! मी भांडलो, घसा बसला माझा. शेवटी नवा ठराव, दर शुक्रवारी दिवा लावताना चालू करायचं. ट्यूब वाचली! मीच वाचवली!

आता शुक्रवारी अख्खी बिल्डिंग जमते. कोणीतरी हुंडी, म्हणजे देवाची दानपेटी, समजून फटीत रुपया टाकतं, टुंग-टुंग वाजतं, विमान उडतं, सगळे डोळे मिटतात. चहूकडून गोळीबार... दांड्याला हात लावायची सोय नाही... आणि तुम्हाला सांगतो, दर शुक्रवारी माझं विमान माझ्या डोळ्यांदेखत पडतं, आणि मी हात जोडून उभा!